आफ्रिकन आर्ट्स-ह्युमॅनिटीजच्या जर्नलमध्ये पेपर छापायचा असेल तर

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबई विद्यापीठात जंजिऱ्याच्या सिद्दींच्या वास्तुकलेवर पीएचडी चालू आहे, त्यात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी नातं दाखवणारं एक प्रकरण आहे, ते पेपर करून आफ्रिकन आर्ट्स-ह्युमॅनिटीजच्या एखाद्या चांगल्या जर्नलला पाठवायचंय. मग कुठे पाठवू, स्कोपस या आंतरराष्ट्रीय जर्नल-यादीतलंच हवं का, पैसे लागतात का, एजेओएल या आफ्रिकन जर्नल्सच्या वेबसाइटवरची जर्नल्स खरी असतात का आणि एकूण वेळ किती जातो. मी बरीच वर्षं याच क्षेत्रातल्या जर्नल्ससाठी मॅनेजिंग एडिटरचं काम करतेय, म्हणजे लेख आल्यापासून अंक निघेपर्यंतची सगळी उठाठेव माझ्याकडे असते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी, रँकिंगपासून सुरुवात करू नका. मोम्बासाला किंवा झांझिबारला किंवा आदिस अबाबाला बसून जो माणूस हिंदी महासागराचा इतिहास शिकवतो त्याला तुमचा लेख वाचता आला पाहिजे, आणि नुसता वाचता नाही, छापायच्या आधी त्यातल्या कोणीतरी तो तपासलेला असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आफ्रिकेबद्दलचं लिखाण आफ्रिकेबाहेर तपासलं जातं, बाहेर छापलं जातं, बाहेर विकलं जातं आणि ज्या गावाबद्दल ते आहे तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीला ते विकत घेणं परवडत नाही, हे या क्षेत्राचं सगळ्यात जुनं दुखणं आहे. बेनिन देशाचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंतोंजी (२०२४ मध्ये गेले) आयुष्यभर हेच सांगत होते, की माहिती गोळा करायची इथून आणि सिद्धांत तयार होणार तिकडे, आणि इथला संशोधकसुद्धा मग तिकडच्या वाचकाला काय आवडेल ते बघूनच विषय निवडायला लागतो. आपण भारतातून लिहिणारी माणसं या साखळीत तिसरीच कोणीतरी असतो, आणि आपण कुठे छापतो याने थोडा का होईना फरक पडतो.

आता जर्नल्स. बाहेरून निघणारी मोठी नावं तुम्हाला माहीत असतील. लंडनच्या इंटरनॅशनल आफ्रिकन इन्स्टिट्यूटचं 'आफ्रिका' १९२८ पासून आहे, 'जर्नल ऑफ आफ्रिकन हिस्टरी' १९६० पासून, दोन्ही केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसकडे. कलेसाठी 'आफ्रिकन आर्ट्स', ते १९६७ ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून सुरू झालं, एमआयटी प्रेस छापतं, पुढे संपादनाचं काम अनेक विद्यापीठांत वाटलं गेलं आणि त्यात दक्षिण आफ्रिकेचं ऱ्होड्सही आलं. समकालीन कलेसाठी ओक्वुई एन्वेझोर यांनी १९९४ ला काढलेलं 'न्का' आहे, पण तुमचा विषय त्यात बसत नाही. साहित्यवाल्यांसाठी 'रिसर्च इन आफ्रिकन लिटरेचर्स', १९७० चं.

आफ्रिकेतूनच निघणाऱ्यांची यादी लोकांना कमी माहीत असते. ऱ्होड्स विद्यापीठातल्या आफ्रिकन संगीताच्या ग्रंथालयाचं 'आफ्रिकन म्युझिक' १९५४ पासूनचं आहे. आदिस अबाबाच्या इन्स्टिट्यूट ऑफ इथिओपियन स्टडीजचं 'जर्नल ऑफ इथिओपियन स्टडीज' १९६३ चं. डाकारला कोडेस्रिया म्हणून १९७३ पासून समाजशास्त्र आणि मानव्यविद्यांची संशोधन परिषद आहे, तिचं इतिहासाचं 'आफ्रिका झमानी' आहे. घाना विद्यापीठाचं 'लेगॉन जर्नल ऑफ द ह्युमॅनिटीज', वेस्टर्न केप विद्यापीठाचं 'क्रोनोस', प्रिटोरियाचं 'इमेज अँड टेक्स्ट', दार एस सलामचं 'उताफिती' (हे आता ब्रिल या युरोपियन प्रकाशकाकडे गेलंय), आणि दार एस सलामचंच 'किस्वाहिली', जे स्वाहिलीत लेख छापतं. त्याची मुळं १९३० च्या भाषा समितीच्या बुलेटिनपर्यंत जातात. आपल्याकडे मराठीतून संशोधन छापणाऱ्यांना जे ऐकावं लागतं, की याला कोण विचारतं, इंडेक्समध्ये आहे का, तेच तिथेही ऐकावं लागतं आणि तरी ते लोक चालवतायत, मला त्यांचं फार कौतुक आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण तिच्यात एक भारतीय वंशाचा माणूस आहे. रजत नेओगी, कंपालात जन्मलेला बंगाली घरातला मुलगा, त्याने १९६१ ला कंपालात 'ट्रान्झिशन' काढलं आणि काही वर्षांत सबंध आफ्रिकेतले लेखक त्यात भांडायला लागले, म्हणजे वैचारिक भांडणं, आणि तीच त्या नियतकालिकाची ताकद होती. मग कळलं की ज्या काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या सांस्कृतिक संस्थेकडून पैसे येत होते तिच्यामागे सीआयए होती, नेओगीला त्याची कल्पना नव्हती पण नाव खराब झालंच. १९६८ ला युगांडाच्या ओबोटे सरकारने त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर अंक घानात अक्राहून निघायला लागला, नंतर नायजेरियन लेखक वोले सोयिंका संपादक झाले, आणि १९७६ ला बंद पडला. १९९१ ला पुन्हा चालू झाला तो अमेरिकेत, आता हार्वर्डकडे आहे. चांगलंच निघतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण कंपालातून सुरू झालेली गोष्ट टिकली ती केंब्रिज-मॅसॅच्युसेट्समध्ये, हे मला कायम खटकतं. जर्नल कोणाच्या पैशावर चालतं हा प्रश्न विचारायला मी तिथून शिकले.

ऐंशीच्या दशकात तर आफ्रिकेतली जर्नल्स धडाधड बंद पडली. आयएमएफ-वर्ल्ड बँकेच्या अटी, नायजेरियाचा नायरा आणि घानाचा सेडी कोसळलेले, कागद आयात करायला डॉलर नाहीत, विद्यापीठांचं बजेट कापलेलं. म्हणून तुम्ही जुने अंक शोधायला जाल तेव्हा एका खंडानंतर एकदम चार-पाच वर्षांनी पुढचा खंड सापडेल, त्यावरून ते जर्नल बोगस आहे असं समजू नका. आजही होतं असं. २०२२ ला नायजेरियात प्राध्यापकांचा संप फेब्रुवारी ते ऑक्टोबर चालला, आठ महिने, त्या काळात पगार नाही, तिथल्या विद्यापीठांतून निघणाऱ्या जर्नलचे संपादक आणि रिव्ह्यूअर, म्हणजे लेख तपासणारे, तेच प्राध्यापक, मग अंक वेळेवर कुठून निघणार. हे काम फुकटात, रात्री, शिकवणं आणि परीक्षेचे पेपर तपासणं संपल्यावर केलं जातं. युरोपातल्या मोठ्या प्रकाशकाकडे ज्या कामाला पाच माणसं आहेत तिथे एक माणूस असतो, तोच ईमेल करतो, तोच प्रुफं बघतो, तोच वेबसाइटवर अपलोड करतो.

दक्षिण आफ्रिकेचं वेगळं आहे. तिथे सरकारचं उच्च शिक्षण खातं मान्यताप्राप्त जर्नलच्या यादीतल्या लेखामागे विद्यापीठाला अनुदान देतं, एका पूर्ण लेखाला लाख रँडच्या वर. त्यामुळे तिथली जर्नल्स धडधाकट आहेत, नियमित निघतात, पण त्यामुळेच लेखांचा ढीगही असतो आणि नंबर लागायला वेळ जातो. काही जर्नल्स पेज फी घेतात कारण लेखकाच्या विद्यापीठाला अनुदान मिळणारच असतं. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला अनुदान नाही, तर पेपर पाठवायच्या आधीच संपादकाला साधं ईमेल टाकून विचारा की मी भारतातली पीएचडी विद्यार्थिनी आहे, फी माफ होते का. यात लाज काही नाही, आम्हाला असे मेल येतात आणि बहुतेक वेळा हो म्हणता येतं. 'क्रोनोस' आणि 'इमेज अँड टेक्स्ट' इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचायला मिळतात, तुमच्या लेखाला ते महत्त्वाचं आहे.

मोठ्या युरोपियन प्रकाशकांकडे ओपन ॲक्सेसची, म्हणजे लेख सगळ्यांना मोफत वाचता यावा याची, फी हजारो डॉलरमध्ये जाते, ह्युमॅनिटीजमध्ये स्वतःच्या खिशातून ती कोणीही भरू नये असं मी स्पष्ट सांगते. ती न भरताही लेख छापता येतो, फक्त मग तो पेवॉलमागे राहतो, म्हणजे पैसे भरणाऱ्यालाच वाचता येतो. भारतातल्या सरकारी संस्थांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेमुळे १३,००० च्या आसपास जर्नल्स उघडलीत, तुम्हाला वाचायला छान झालं, पण केनियातल्या लामू बेटावरच्या शाळामास्तराला त्याचा काही उपयोग नाही. प्रकाशकाची अट बघून लेखाची स्वीकृत प्रत, म्हणजे त्यांच्या डिझाइनच्या आधीची, आपल्या विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, टाकता येते. बरेच लोक हे करतच नाहीत, तुम्ही नक्की करा.

एजेओएल म्हणजे आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन. १९९८ ला ब्रिटनमधल्या आयएनएएसपी या संस्थेने सुरू केलं आणि २००५ पासून ते दक्षिण आफ्रिकेतून चालतं. ते प्रकाशक नाही, आफ्रिकेत निघणाऱ्या शेकडो जर्नल्सना एका ठिकाणी दिसण्याची सोय आहे, त्यामुळे "एजेओएलवर आहे" म्हणजे आपोआप उत्तम असं नाही आणि आपोआप वाईट तर मुळीच नाही. तिथे जर्नलच्या नावाशेजारी जेपीपीएस या मूल्यमापन पद्धतीचे तारे दिसतील, शून्य ते तीन, ते प्रकाशनाची शिस्त किती पाळली जाते त्यावर दिलेत, लेख किती हुशारीचे आहेत त्यावर नाही. एक तारा असलेल्या जर्नलमध्ये मी असे लेख वाचलेत जे दुसरीकडे कुठेच आले नसते. मग खरं-खोटं कसं ओळखायचं, तर मागचे दोन-तीन अंक उघडून लेख वाचा, अक्षरशः वाचा, संपादक मंडळातल्या दोन नावांची त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर खात्री करा, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) तपासा, डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या यादीत आहे का बघा. आणि जो मेल स्वतःहून येतो, तुमचा कुठलातरी भलताच पेपर आवडला म्हणतो आणि आठवड्यात छापून देतो म्हणतो, तो सरळ डिलीट. अशा दुकानांना नावात आफ्रिकन किंवा इंटरनॅशनल लावायला फार आवडतं आणि त्यातली कितीतरी आपल्याच देशातून चालतात, त्याची बदनामी मात्र आफ्रिकेतल्या प्रामाणिक संपादकांच्या वाट्याला येते, याचा मला मनापासून राग येतो.

स्कोपसचं म्हणाल तर, यूजीसीने २०२२ च्या नियमांत थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, मान्य जर्नल्सची केअर लिस्टही २०२५ च्या सुरुवातीला गुंडाळली. पण विद्यापीठाचा किंवा पुढे नोकरीच्या जाहिरातीचा स्वतःचा नियम असू शकतो, तो लेखी विचारून घ्या. स्कोपस लागतच असेल तर वर सांगितलेल्यांपैकीही काही तिथे आहेत, यादी दरवर्षी बदलते म्हणून पाठवायच्या दिवशी तपासा. इम्पॅक्ट फॅक्टरचा तर विचारच नको, आर्ट्स-ह्युमॅनिटीजच्या इंडेक्समधल्या जर्नलना तो २०२३ ला पहिल्यांदा मिळाला, तोपर्यंत अख्खी शाखा त्याच्याशिवाय चाललीच होती ना. आमच्याकडे लोक पुस्तकं उद्धृत करतात, वीस-वीस वर्षांनी करतात, दोन वर्षांत किती उल्लेख झाले याने आमचं काही कळत नाही.

आता तुमच्या लेखाकडे येते, कारण खरी मेहनत तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की "सिद्दी पूर्व आफ्रिकेतून आले म्हणून जंजिऱ्यावर स्वाहिली वास्तुकलेचा प्रभाव". हे असंच पाठवलंत तर पहिलाच रिव्ह्यूअर थांबवेल. एक तर सिद्दी एका ठिकाणचे नाहीत. दख्खनमधले हबशी सरदार बरेचसे इथिओपियाच्या बाजूचे, मलिक अंबर तिकडचाच, तर पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले लोक मोझांबिककडचे, आणि या सगळ्यांना एकच शब्द लावून आपण मोकळे होतो. आफ्रिकेतला वाचक विचारणार, कुठली आफ्रिका? कोणता काळ? दुसरं म्हणजे सामान. स्वाहिली किनाऱ्यावरची जुनी बांधकामं, टांझानियातल्या किल्वाची मोठी मशीद घ्या किंवा केनियातल्या गेडीचे अवशेष, प्रवाळाचा दगड आणि चुना यांची आहेत, आणि जंजिरा कोकणातल्या काळ्या दगडाचा. दगड बदलला की कमान बदलते, भिंतीची जाडी बदलते, कोरीव काम बदलतं. म्हणजे प्रभाव दाखवायचा असेल तर तो नेमका कशात दिसतो ते सांगा, मशिदीच्या आराखड्यात, मिहराबात, पाण्याच्या टाक्यांत, की कशातच नाही? दरवाज्यावर पंजात हत्ती धरलेला जो सिंह आहे त्याचे नातेवाईक दख्खनच्या किल्ल्यांवर शोधा आधी, मग समुद्रापलीकडे जा. खोकरीच्या, म्हणजे सिद्दींच्या कबरींवरच्या, घुमटांबद्दलही तेच. कदाचित उत्तर असं निघेल की सिद्दींनी दख्खनी शैलीच आपली मानली, आणि खरं सांगू का, संपादक म्हणून मला तो लेख जास्त हवा आहे, कारण आफ्रिकेतून आलेल्या माणसाने केलेली प्रत्येक गोष्ट "आफ्रिकन दिसली" पाहिजे ही अपेक्षाच चुकीची आहे.

हेन्री ड्रेवल यांच्यासारखे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या कलेचे अभ्यासक पुढे कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या गोधड्यांवर काम करायला आले, म्हणजे आफ्रिकन कलेच्या जर्नलना आपल्याकडचा विषय परका नाही, फक्त तुलना काटेकोर लागते. मुंबई विद्यापीठातच १९७१ पासून आफ्रिकन स्टडीजचं केंद्र आहे, तिथली लायब्ररी आधी संपवा.

फोटो. यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि लेख इथेच अडकतात. कलेच्या जर्नलमध्ये प्रत्येक चित्राची लेखी परवानगी लेखकाने आणायची असते, जर्नल आणत नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त वस्तूंचे फोटो खुले केलेत, कोणाला विचारावं लागत नाही. बाकी ठिकाणी संग्रहालयागणिक नियम वेगळे आणि फीसुद्धा. जहांगीर मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय ते प्रसिद्ध चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटीमध्ये आहे, ते वापरायचं असेल तर आजच मेल टाका. या फीचं ओझं आफ्रिकेतल्या लेखकावर किती पडतं ते बघा: नायजेरियातल्या बेनिन शहरातल्या (बेनिन देश वेगळा) पितळी मूर्ती आणि फलक १८९७ ला ब्रिटिश फौजांनी लुटून नेले, आणि नायजेरियातल्या संशोधकाला त्यांचाच फोटो लेखात घालायला युरोपातल्या संग्रहालयाला पैसे मोजायची वेळ येते. २०२२ ला डिजिटल बेनिन सुरू झालं, १३१ संस्थांमधल्या ५,००० हून जास्त वस्तू एका जागी बघता येतात, पण छापायचे हक्क अजून ज्याचे त्याच्याकडेच आहेत. तुमचे स्वतःचे फोटो असतील तर तुम्हाला सोपं आहे, फक्त मोठ्या साइजच्या मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो छपाईत चालत नाहीत. जंजिरा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, मोजमाप घेऊन नकाशे काढले असतील तर परवानगीची चिठ्ठी लेखाबरोबर जोडा. आणि मुरुड-राजपुरीतल्या ज्या लोकांनी घरातल्या गोष्टी सांगितल्या त्यांना विचारून, त्यांना चालत असेल तर नावानिशी श्रेय द्या.

अक्षरांचंही एक आहे. योरुबात अक्षराखाली टिंब आणि वर स्वराचे चढ-उतार दाखवणाऱ्या खुणा, हौसात वेगळी वाकडी अक्षरं, दक्षिणेकडच्या भाषांत क्लिक आवाजांची चिन्हं, आणि जुन्या फॉन्टमधून आलेल्या फाइलमध्ये या सगळ्याचे चौकोन होतात, अगदी आपल्या श्रीलिपीतली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर होतं तसंच. तुम्ही फारसी शिलालेख आणि स्वाहिली नावं देणार असाल तर सगळं युनिकोडमध्ये ठेवा आणि सोबत एक पीडीएफ पाठवा, म्हणजे प्रुफं बघणाऱ्याला मूळ काय होतं ते दिसतं.

बहुतेक जर्नल्सचं सबमिशन ओजेएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर असतं. फाइलमधून आपलं नाव काढा, प्रॉपर्टीजमधूनही काढा, तळटिपांत "माझ्या आधीच्या लेखात" असं लिहिलं असेल तर तेही. जर्नल लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, देतं का आणि जुने अंक कुठे जपून ठेवतं ते विचारा. एप्रिल २०२१ ला केप टाऊन विद्यापीठाची जॅगर लायब्ररी जळाली, आफ्रिकन स्टडीजचा केवढा मोठा संग्रह गेला, तेव्हापासून एकाच इमारतीत किंवा एकाच सर्व्हरवर असलेल्या अंकांची मला धास्ती वाटते.

वेळेचं विचारलंत. सहा महिन्यांत पहिला रिव्ह्यू आला तर चांगलं समजा, पाठवल्यापासून छापेपर्यंत वर्ष-दीड वर्ष धरून चाला. तीन महिने काहीच कळलं नाही तर नम्रपणे एक मेल टाकायला हरकत नाही, पण एकाच वेळी दोन जर्नलना पाठवू नका, हे क्षेत्र लहान आहे आणि दोन्हीकडे रिव्ह्यूअर तोच निघू शकतो. रिव्ह्यू आल्यावर प्रत्येक मुद्द्याला उत्तर लिहा, पटला नाही तर का पटला नाही तेही लिहा, आम्ही ते पत्र लेखाइतकंच लक्ष देऊन वाचतो.

तुमच्या जागी मी असते तर इतिहासाचा भाग जड असेल तर 'क्रोनोस'ला आणि चित्रं-आराखडे जड असतील तर 'इमेज अँड टेक्स्ट'ला आधी विचारलं असतं. 'क्रोनोस' आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या इतिहासांकडे झुकलेलं आहे, म्हणून हिंदी महासागराचा दुवा सारांशात पहिल्याच वाक्यात आला पाहिजे. दोन्ही नाही म्हणाले तर 'आफ्रिकन आर्ट्स'. आणि पहिल्या मेलमध्येच एक ओळ टाका, की पश्चिम भारतातले सिद्दी, दख्खनची वास्तुकला, फारसी-मराठी साधनं या विषयांवर लेख आला तर रिव्ह्यू करायला मी तयार आहे. असे लेख येतात आणि ती साधनं वाचू शकणारा माणूस आम्हाला महिनोन्‌महिने सापडत नाही.